शांतता कुठे ठेवायची: एका स्वतंत्र मराठी चित्रपटाचं प्रकरण

शहापूर तालुक्यातल्या एका गावातला पन्नाशीला टेकलेला भातशेतकरी. भजनी मंडळात पखवाज वाजवतो. जमिनीचा एक पट्टा समृद्धी महामार्गात गेला, पैसे आले, घरावर स्लॅब पडला, मुलीचं लग्न झालं, मुलगा आसनगावच्या एका कंपनीत कायम झाला. कर्ज नाही, दुखणं नाही, भाऊबंदकीतली केससुद्धा मिटलेली. आणि एका वर्षी आवणी, म्हणजे भातलावणी, उरकल्यावर हा माणूस पखवाजाला हात लावेनासा होतो. संध्याकाळी आसनगाव स्टेशनच्या पुलावर जाऊन उभा राहतो, कसाऱ्याच्या आणि सीएसएमटीच्या गाड्या बघतो, अंधार पडला की घरी येतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

ज्या चित्रपटाबद्दल लिहितोय त्याची गोष्ट एवढीच आहे. चित्रपट अजून लागलेला नाही, त्यामुळे नाव आणि माणसं बाजूला ठेवतो. दिग्दर्शिका ठाण्याची, आजोळ शहापूरकडचं. पैसा मित्रमंडळींचा. नायकाचं काम करणारा नट ठाण्याच्या प्रायोगिक नाटकांतला, बाकी बरीच माणसं गावातलीच. संकलन नौपाड्यात एका फ्लॅटच्या आतल्या खोलीत चाललं होतं. पहिला कट, म्हणजे सगळे प्रसंग जोडून झालेला पहिला चित्रपट, तयार झाल्यावर सल्ल्यासाठी मला बोलावलं. जोडून झालेल्या चित्रपटात कुठे काय अडतंय ते बघणं, हे माझं काम.

पहिला कट

२ तास ११ मिनिटं. चित्रीकरण २०२४ च्या आवणीत सुरू होऊन भातकापणीला संपलेलं. दिसायला देखणं होतं, यात वाद नाही. चिखलात उभी माणसं, माहुलीचा डोंगर ढगात जातोय, बांधावर नायक पाठमोरा बसलाय, कॅमेरा हलत नाही, पाऊस थांबतो आणि पुन्हा लागतो. असे लांबलचक, बिनसंवादाचे शॉट सात. त्यांपैकी सहा गावातले.

दिग्दर्शिकेच्या टिपणवहीत पहिल्याच पानावर एलियट जाक या मानसविश्लेषकाचा उल्लेख होता. मध्यमवयातल्या या घालमेलीवरचा त्याचा निबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 'मिडलाइफ क्रायसिस' ही कल्पना तिथून चलनात आली. निबंध खरोखर वाचण्यासारखा आहे. पण त्याने पुरावा म्हणून घेतले होते चित्रकार, संगीतकार, कवी, शिल्पकार. अशा तीनशेहून अधिक जणांची आयुष्यं. म्हणजे ज्यांना खोलीचं दार लावून घेता येतं अशी माणसं. दिग्दर्शिकेचा नायक राहतो त्या घराला दिवसा दार लावायची पद्धतच नाही. ही विसंगती वहीत दिसत होती, पटकथेत दिसत नव्हती, आणि पडद्यावर तर अजिबात नव्हती, कारण ते शॉट इतके सुंदर होते की प्रश्न विचारायचं सुचतच नव्हतं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी तक्रार वेगाबद्दल होती. मधला अर्धा तास लोळतो, असं मी म्हणालो. ते खरं होतं, पण ते लक्षण होतं. कारण कळलं ते कोपरखैरण्याला.

दोन खेळ

कट पक्का करण्याआधी दोन ठिकाणी दाखवायचा, असं ठरलं. पहिला खेळ नौपाड्यातच, जागतिक सिनेमा बघायची सवय असलेल्या मंडळींसमोर. त्यांना आवडला. शांततेचा वापर, निसर्गाची चौकट, नायकाचं एकाकीपण, असे शब्द आले. एका गृहस्थांनी शेवट आणखी मोकळा सोडा म्हणून सुचवलं. दिग्दर्शिका खूश होती, आणि ते स्वाभाविक आहे.

दुसरा खेळ ध्वनिमुद्रणाच्या साहाय्यकामुळे जमला. त्याचे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी, आता निवृत्त. मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले तशी पाटण, जावळी, खटावकडची ही कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीला स्थिरावली. गाव सोडून पिढी उलटली, तरी जत्रेला आणि सप्त्याला घरटी एक माणूस गावी जातोच. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून चित्रपट दाखवला.

पहिल्या अर्ध्या तासात माणसं शांत होती. मग कुजबुज सुरू झाली. संपल्यावर कुणी सौंदर्याबद्दल बोललं नाही. पुढच्या रांगेतल्या एका काकींनी थेट विचारलं:

"आठ दिस भजनाला गेला न्हाई, आन् दारात कुनी आलं न्हाई? ह्ये गाव हाय का लॉज हाय?"

हशा झाला. दिग्दर्शिकाही हसली, पण मला वाटतं तिला तिथेच कळलं. त्यानंतर साहाय्यकाचे वडील शांतपणे म्हणाले, "ताई, आमच्यात सप्त्याला फळ्यावर यादी लागती. कुनाचा पहारा कितीला. ह्या तुमच्या मानसाचा पहारा कितीचा?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. पटकथेत अखंड हरिनाम सप्ताहच नव्हता, मग वीणा घेऊन उभं राहायचा पहारा कुठला? पखवाज वाजवणारा नायक, वारकरी गाव, आणि वर्षातले सर्वांत गजबजलेले सात दिवस गायब.

बिघाड नेमका काय होता

या चित्रपटाने शांतता चुकीच्या जागी ठेवली होती. गावातल्या माणसाला एकट्याने अस्वस्थ होताच येत नाही. तो बांधावर तासभर बसला तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, "काय रे, काय झालं?" आणि विचारणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. भावकीतला म्हातारा म्हणतो बाहेरचं आहे, उतारा टाका. पुतण्या म्हणतो साखर तपासा. नाक्यावरचा म्हणतो जमिनीच्या पैशाने डोकं फिरलं. आणि न बोलता सगळ्यांच्या मनात असतं ते: शेजारच्या वासिंदला कुणी बाई आहे का?

त्या माणसाला नुसतं अस्वस्थ राहायची मुभा नाही. त्याला कारण द्यावं लागतं. खरं कारण त्याच्याकडे नाही, म्हणून तो खोटं देतो. आणि गावात दहा माणसांना दहा कारणं दिली की ती एकमेकांना भेटतात.

हे कळल्यावर पटकथा भराभर हलली. लिहायला बसल्यावर आम्हाला हसू आवरेना, कारण चित्रपट आता मधूनमधून चक्क विनोदी व्हायला लागला. नायक मंडळाच्या सेक्रेटरीला सांगतो मनगट धरलंय. मेहुण्याला सांगतो की मृदंगाचार्य बुवांशी पटत नाही. मुलाला सांगतो कंटाळा आलाय, जे सत्याच्या सगळ्यांत जवळ आहे, आणि मुलगा नेमकं तेच खोटं समजतो. मग बुवा स्वतः घरी येतात, मनगटाला लावायचं तेल घेऊन, पाठोपाठ मेहुणा समेट करायला येतो.

पखवाज मंडळाच्या मालकीचा असतो, हा तपशीलही पहिल्या पटकथेत वाया गेला होता. नायक वाजवत नाही म्हणजे वाद्य त्याच्या घरात अडकून पडलं. ते न्यायला दोन पोरं मोटरसायकलवर येतात. मागचा पोरगा पखवाज मांडीवर आडवा घेऊन बसतो, गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा वाद्य आपोआप एकदा घुमतं, आणि ओसरीवर बसलेला नायक सवयीने मान वर करतो. हा प्रसंग नंतर चित्रित केला. दोन वाक्यांचा संवाद आहे त्यात, तोही मोटरसायकलच्या किकबद्दल.

कणकेचा गोळा

नायकाच्या बायकोला पहिल्या कटमध्ये एकच मोठा प्रसंग होता: रात्री अंथरुणात रडणं. नटीने तो नीट केला होता, पण असा प्रसंग आपण इतक्यांदा पाहिलाय की डोळे पडद्यावरून हलतात. बदल नटीनेच सुचवला. चित्रीकरणाच्या काळात ती ज्या घरात राहिली तिथल्या काकींकडून तिने एक गोष्ट उचलली होती.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. तिच्याशिवाय खर्ज येत नाही. वाजवण्याआधी ताजी लावायची, झाल्यावर खरवडून काढायची. आता या भागात रोजचं खाणं तांदळाची भाकरी. गव्हाचं पीठ घरात असतं, पण परातीत रोज पडत नाही. त्यातून एकादशी म्हणजे घरात उपास, चूल साबुदाण्यापुरती, पीठ मळायचा प्रश्नच नाही. तरी त्या दिवशी पखवाजासाठी लिंबाएवढा गोळा भिजवला जातो. उपासाच्या दिवशी घरात मळलेली तेवढीच कणीक.

पुनर्लेखनात बायको एकादशीला गोळा भिजवून वाटीत ठेवते, वर ओलं फडकं. नायक पुलावर गेलेला. पुढच्या एकादशीला पुन्हा. तिसऱ्या एकादशीला ती पीठ घेते, पाण्याचा हात लावते, थांबते, आणि हात धुऊन टाकते. कॅमेरा परातीवर आहे, चेहरा दिसतही नाही. पन्नाशीतली घालमेल त्या घरात दोघांची आहे, हे इथे पहिल्यांदा लक्षात येतं. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत नेमका प्रसंग आहे, आणि तिच्यावर आणखी चार प्रसंग लिहायला हवे होते. ते झालं नाही. चित्रपट अखेर पुरुषाचाच राहिला.

पहारा

अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दिवसरात्र. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. हे सगळं चालू असताना आणि सगळे झोपले असतानाही एक माणूस वीणा घेऊन उभा असतो. ज्याचा पहारा संपला तो दुसरा आल्याशिवाय हलू शकत नाही. नाटककाराने जन्मभर शोधली तरी सापडणार नाही अशी ही रचना गावाने आयती करून ठेवली आहे: एकाची अस्वस्थता दुसऱ्याच्या पायांत उतरते.

नायकाचा पहारा रात्री २ ते ४. फळ्यावर नाव आहे. २ वाजले, तो आला नाही.

हा प्रसंग २०२५ च्या मार्गशीर्षात, गावच्या खऱ्या सप्ताहात चित्रित झाला. गावकऱ्यांची हरकत नव्हती, अट एकच: तुमच्या रीटेकसाठी वीणा खाली ठेवली जाणार नाही. दिवे वाढवायचे नाहीत, मंडपात जे आहेत तेवढेच. म्हणजे 'कट' म्हणायची सोय नाही. दिग्दर्शिकेने ते मान्य केलं, आणि वीणा धरायला नट उभा करायचा विचार सोडून दिला. १२ ते २ चा पहारा ज्या आजोबांचा होता, तेच उभे राहिले. तुम्हाला सोडवायला येणारा उशिरा येईल, एवढं त्यांना सांगून त्यांची परवानगी घेतली होती. किती उशिरा, ते त्यांनीच विचारलं नाही.

अनवाणी पाय, खाली गार फरशी, गळ्यात वीणेचा पट्टा, एका हातात चिपळ्या. पाऊण तास. पडद्यावर त्यातली साडेसहा मिनिटं आहेत. आजोबा आधी दाराकडे बघतात. मग बघायचं सोडतात. 'रामकृष्णहरी'ची लय अर्ध्या मात्रेने मागे पडते आणि परत सावरते. एक पाय दुसऱ्या पोटरीवर घासला जातो. मग नायक येतो, चपला काढतो, मान खाली घालून गळा पुढे करतो.

पूर्वीचे सहा शॉट ज्या कामासाठी होते ते या एकात झालं, तेही नायक चौकटीत नसताना.

एक अडचण मात्र आली. पहिल्या चित्रीकरणात पार्श्वभूमीला महामार्गाचे खांब होते, पण वाहतूक नव्हती. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. सप्ताहाच्या रात्री दूरवरून ट्रकची घरघर सतत ऐकू येत होती. ध्वनिवाला ती गाळून टाकायच्या तयारीत होता. आम्ही उलट केलं: कथेत एक वर्ष सरकवलं, महामार्ग सुरू होणं गोष्टीत आणलं, आणि घरघर ठेवली. ज्या रस्त्याच्या पैशाने घरावर स्लॅब पडला तोच आता रात्रभर वाजतोय, हे कुणी न बोलता पोचतं.

ठाण्याचे चार दिवस

मग शांततेचं काय केलं? ती ठाण्यात हलवली.

नायकाचा धाकटा भाऊ कासारवडवलीला राहतो, चौदाव्या मजल्यावर. पहिल्या पटकथेत तो फक्त फोनवर "दादा, डॉक्टरला दाखव" म्हणायचा. आता नायक चार दिवस त्याच्याकडे येऊन राहतो. सकाळी आठला घर रिकामं होतं. भाऊ गेला, वहिनी गेली, पोरं गेली. समोर घोडबंदर रोड, खाली मेट्रोचे खांब, मागे येऊरचा डोंगर. कुणी विचारत नाही काय झालं. पहिल्या दिवशी त्याला इतकं बरं वाटतं की तो दुपारी झोपतो. तिसऱ्या दिवशी तो लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला स्वतःहून सांगतो, "मी पाहुणा आहे, शहापूरचा." माणूस मोबाइलमधून मान वर करून हसतो, आठव्या मजल्यावर उतरतो.

गेटवरचा एक क्षण इथे नोंदवण्यासारखा आहे. बाहेर जाऊन परत येताना रखवालदार वही पुढे करतो. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, आणि शेवटचा रकाना: भेटीचे कारण. नायक पेन धरून उभा राहतो. वरच्या ओळींत डिलिव्हरी, प्लंबर, डिलिव्हरी, गॅस. तो लिहितो, 'सहज'. रखवालदार न वाचता वही मिटतो. गावात इतके दिवस त्याला जे कारण मागितलं गेलं ते इथेही मागितलं, फक्त ते कुणाला नकोय.

स्थिर, लांब, बिनसंवादाचे शॉट आता इथे आहेत. नवे तीन. तेच तंत्र, पण आता त्यांचा अर्थ लागतो.

बाकीच्या गोष्टी

पहिल्या पटकथेत नायक तंबाखू मळायचा. २०१२ पासूनच्या नियमांनुसार तंबाखू दिसली की पडद्याखाली इशारा येतो, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर जाहिरात दाखवावी लागते. ओसरीवरच्या हळव्या प्रसंगाखाली ती पाटी वाचायची कुणाची इच्छा नव्हती, तंबाखू गेली. बैलांचं औत होतं, त्याला केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाची चित्रीकरणापूर्वी परवानगी लागते. तेवढा वेळ नव्हता, म्हणून पॉवर टिलर आला. गावकऱ्यांनी विचारलं की बैल हवे कशाला होते, आमच्याकडे आता चारच जोड्या आहेत. नियमाने चित्रपट खरा केला, असं क्वचित घडतं.

पत्र्यावरच्या पावसाने जुलैचे बरेच संवाद निकामी झाले होते. ठाण्यातल्या स्टुडिओत डबिंग केलं, तर गावची माणसं माइकसमोर शाळेतल्या भाषणासारखी बोलायला लागली. शेवटी गावातच एका खोलीला चारी बाजूंनी गोधड्या टांगून ते पुन्हा केलं. उरलेल्या गोधड्या ज्यांच्या होत्या त्या बायका बाहेर बसून आवाजांना नावं ठेवत होत्या, त्याचा उपयोग दिग्दर्शनापेक्षा जास्त झाला.

सरकारी अनुदानाचा अर्ज सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावरच करता येतो, ते काम पुढे आहे. चित्रगृहाचं काय होईल ते बघायचं. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ देण्याचा राज्य सरकारचा निर्णय २०१५ चा आहे, पण बुधवारची दुपारी साडेबाराची वेळही त्यातच बसते.

अजून मिटलेलं नाही

आता लांबी १ तास ४९ मिनिटं आहे. माझा आणि दिग्दर्शिकेचा मतभेद शेवटावर उरलाय. वीणा घेतल्यानंतर नायकाच्या डोळ्यांत पाणी येतं, तो शॉट तिने ठेवलाय. मला तो गळा पुढे करण्यावर संपवायचा होता. तिचं म्हणणं, गावातले प्रेक्षक विचारतील की त्याला काही वाटलं की नाही, आणि त्यांचा तो प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं, पाणी दाखवलं की ते पुन्हा एक कारण झालं.

कट गावातही दाखवला, देवळाच्या सभामंडपात. माणसं हसली, तेल घेऊन आलेल्या बुवांवर तर टाळ्या पडल्या. हरकत एकच आली, वीणेवाल्या आजोबांची. "मी पाय हलवला नव्हता," ते म्हणाले. त्यांना शॉट पुन्हा दाखवला. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, हलवला असेल, पण ते दाखवायचं कशाला, पुढच्या सप्त्याला मला पहारा देतील का? दिग्दर्शिकेने पोटरी घासण्याचा भाग अकरा सेकंदांनी कमी केलाय, आणि नव्या कटवर आजोबांची संमती घ्यायला ती पुढच्या एकादशीला जाणार आहे.